अलीशिबेची गव्हाण

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी, म्हणजे प्रीतीची मेणबत्ती लावायच्या दिवशी, कासार आंबोलीच्या ख्रिस्ती मंडळीची तीन आठवड्यांची सगळी सत्कृत्यं एका म्हशीनं खाऊन टाकली.

म्हैस आढावांची. गव्हाणही आढावांचीच. आणि खरं सांगायचं तर चर्चची जागाही आढावांचीच होती, कारण कोंडीराम आढाव या सुतारानं हयातीत आपल्या गोठ्याला लागून पत्र्याची एक लांबट खोली बांधली होती आणि ती देवाला दिली होती. त्यामुळं त्या खोलीत जे काही बिघडायचं त्याला आढावच जबाबदार, असं मंडळीनं फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं.

कल्पना मात्र पाळकसाहेबांची. साहिल ओहोळ यांना सेमिनरीतून बाहेर पडून वर्षही झालं नव्हतं, त्यामुळं माणसं सुधारतात यावर त्यांचा अजून विश्वास होता. पहिल्या रविवारी त्यांनी जाहीर केलं, की यंदा ख्रिस्तजन्माची तयारी नुसत्या फराळानं आणि चांदण्या टांगून करायची नाही. वेदीपुढं एक रिकामी गव्हाण ठेवायची. हातून काही चांगलं घडलं, की गुपचूप यायचं आणि पेंढ्याची एक काडी तिच्यात टाकायची. कुणाला सांगायचं नाही, मिरवायचं नाही. नाताळपर्यंत बाळाचं अंथरूण मऊ झालं पाहिजे.

यातला 'गुपचूप' हा शब्द मंडळीनं पहिल्याच आठवड्यात सोडून दिला. काडी टाकायच्या आधी लोक खाकरायला लागले. पेटी वाजवणारे भिवाजीकाका तर काडी हातात धरून आधी दारात उभे राहायचे, ओळखीचं कुणी येईपर्यंत.

गव्हाण थर्माकोलची करावी असं बहुतेकांचं मत होतं. पण कोंडीरामचा थोरला वाल्मीक हा मंडळीचा सचिव, आणि सचिवाला उत्साह आला की तो कुणाला आवरत नाही. तो म्हणाला, "थर्माकोल कशाला? आमच्यात खरी गव्हाण हाय की. बाबांच्या हातची, ऐनाच्या लाकडाची." त्याच दुपारी चार जणांनी ती गोठ्यातून उचलली, घासली, पुसली. धाकटा अमोल पुण्याजवळ सूसला राहायचा, त्याची बायको वैशाली तिथून खास सोनेरी रंग आणि चमकी घेऊन आली. गव्हाण वेदीपुढं अशी काही झळकायला लागली, की कोंडीरामनं पाहिली असती तर हातोडा घेऊन मागं लागला असता. म्हशीला निळा प्लास्टिकचा ड्रम अर्धा कापून दिला. गव्हाणीपुढं एक म्हैस उभी होती आणि तिचे दिवस भरत आले होते, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

कोंडीरामच्या विधवेच्या, गोजराबाईच्या ध्यानात होतं. पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

म्हशीचं मूळ नाव मोगरी. मध्ये दोन वर्षं ती फळली नाही, तेव्हा घरानं तिचा नाद सोडला होता. आणि मग म्हातारपणी ती गाभण राहिली. गोजराबाईनं त्याच दिवशी तिचं नाव बदलून अलीशिबा ठेवलं. शास्त्रातली अलीशिबाही उतारवयातच बाळंत झाली होती, मग आमच्या मोगरीनं कुणाचं घोडं मारलंय, असा तिचा सवाल. पाळकसाहेबांनी एकदा हळूच सुचवून पाहिलं, की पवित्र शास्त्रातली नावं जनावरांना देऊ नयेत. गोजराबाई म्हणाली, "साहेब, तुमी माणसांस्नी दिली, त्यांनी काय दिवं लावलं?"

त्या रविवारी सकाळी ती गोठ्यात उभी होती. अलीशिबेची कास भरून आली होती. निळ्या ड्रमाकडं ती तोंड फिरवायची, शिंगानं उलथा करायची, आणि मग गोजराबाई हातानं मूठमूठ भरवायची तेवढंच खायची. आणि आज दुपारी दूधवाल्या गेणबाचा टेम्पो येणार होता. म्हैस त्याला द्यायची ठरली होती. उद्या गोजराबाईला अमोल घेऊन जाणार होता सूसला, अकराव्या मजल्यावर. दोन्ही पोरांनी मिळून ठरवलं होतं. उभ्या आयुष्यात त्या दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट, आणि ती नेमकी आपल्याला घालवायची निघावी याचं तिला मनापासून वाईट वाटत होतं.

पण तिला खरी धास्ती दुसऱ्याच गोष्टीची होती. वाल्मीकची बायको साधना आणि ती, लग्न होऊन साधना या घरात आल्यापासून रोज भांडत आल्या होत्या. चहात साखर, दाराची कडी, भाकरीची जाडी, काहीही पुरायचं. आणि आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून साधना एकाएकी गप्प झाली. काही म्हटलं की नुसतं, "बरं, आत्याबाई." गोजराबाईनं मुद्दाम कालवणाला नावं ठेवली. "बरं." मुद्दाम साधनाच्या माहेरचा विषय काढला, जो काढल्यावर पूर्वी भांडी आपटायची. "बरं." त्या 'बरं'नं म्हातारीचा जीव घाबरा झाला. जिच्याशी भांडायचीसुद्धा आता गरज वाटत नाही ती घरातून गेल्यातच जमा, असं तिनं धरलं आणि मुकाट्यानं लुगड्यांचं बोचकं बांधायला घेतलं.

अंघोळी, इस्त्र्या, साड्यांच्या पिना यांत सगळं घर गुंतलेलं होतं. गोजराबाईनं दाव्याची गाठ सोडली. पाण्यावर न्यायला सोडतेय, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण अलीशिबा हौदाकडं वळलीच नाही. ती संथपणे शेजारच्या पत्र्याच्या खोलीकडं निघाली. साधनानं फरशी पुसून वाळायला दार उघडं ठेवलं होतं. गोजराबाईनं हाळी दिली नाही की काठी उगारली नाही. अलीशिबेनं आपली गव्हाण ओळखली, चमकीवरून एकदा जीभ फिरवली आणि मान खाली घातली.

"खा बाई," दारातून गोजराबाई म्हणाली. "तुजंच हाय."

*

वाल्मीकनं नवा शर्ट घातला होता आणि तो शेणात जाऊ नये म्हणून बाह्या वर सरकवल्या होत्या. वेदीपुढचा शेणाचा पो सुपडीत भरताना त्याच्यामागं सगळी मंडळी उभी होती. गव्हाण चाटूनपुसून लख्ख झाली होती.

"पेरलेलं उगवतं म्हनत्यात," भिवाजीकाका सुपडीकडं बघून म्हणाले. "ह्यात माझ्या लई काड्या हायेत."

गुन्हेगार शोधावा लागला नाही. अलीशिबा गोठ्याच्या दारात रवंथ करत उभी होती आणि तिचं नाकाड चमकत होतं. प्रश्न एवढाच होता, की तिला सोडलं कुणी. वाल्मीकनं बायकोकडं बघितलं, कारण दार तिनं उघडं टाकलं होतं. साधनाच्या तोंडात उत्तर तयार होतं, ते तिनं गिळलं. अमोलनं भावाकडं बघितलं, कारण दावं बांधायचं काम भावाचं. भिवाजीकाकांनी सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं. गोजराबाई पहिल्या बाकावर डोळे मिटून प्रार्थनेला बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकी शांती होती, की वाल्मीकला पहिल्यांदा शंका आली. पण आईवर संशय घेणं हे काड्यांच्या हिशेबात कुठं बसतं ते त्याला कळेना, म्हणून त्यानं तो घेतला नाही.

उपासना झाली कशीबशी. प्रीतीची मेणबत्ती वैशालीनं लावली, पण चमकीसाठी घेतलेल्या कष्टांचं असं झाल्यामुळं तिनं रागानं पहिल्या दोन काड्या मोडल्या आणि मेणबत्ती पेटायला तिसरी लागली. पाळकसाहेब प्रीतीवर बोलले. मंडळी ऐकत होती तोंडानं "आमेन" म्हणत, आणि डोळे मात्र रिकाम्या गव्हाणीत.

*

उपासनेनंतर अंगणात चहा आणि करंज्या निघाल्या. पाळकसाहेब म्हणाले, "जाऊ द्या. आपण दुसरा पेंढा आणू. देवाला भावना पोचली आहे."

"असं कसं?" भिवाजीकाका म्हणाले. "नवा पेंढा भरला तर ज्यानं काडीबी टाकली न्हाई त्याचंबी भरलं की. फुकटचं पुण्य झालं ते."

"काका, देव काड्या मोजत नाही."

"देव न्हाई मोजत. आमी मोजतो."

वाल्मीकमधला सचिव जागा झाला. त्यानं तोडगा काढला, की ज्यानं जेवढं टाकलं तेवढं त्यानं पुन्हा टाकावं, फक्त कशाबद्दल टाकलं ते आता उघड सांगावं, म्हणजे कुणी जास्तीचं टाकणार नाही. पाळकसाहेबांनी 'गुपचूप' या शब्दाची आठवण करून दिली. सचिव म्हणाला, "गुपचूपवालं म्हशीनं खाल्लं, साहेब. आता उघडंच करावं लागंल."

सुरुवात भिवाजीकाकांनी केली. त्यांनी सुट्या काड्यांवर एक अख्खी पेंढीही टाकली होती. आयुष्यभर पेटी वाजवली, त्याचं मागचं सगळं धरून. वाल्मीकनं मान डोलावली आणि आपलं सांगितलं.

"मी एक काडी आमोलला माफ केलं त्याची टाकली."

करंजी अमोलच्या तोंडाजवळ थांबली. "मला? कशाबद्दल?"

"आता ते काढनं बरं न्हाई. माफ केल्यालं हाय."

"नाही दादा, सांग. इथं सगळे आहेत. सांग."

"बाबांची माती व्हती आन तू त्या चिंचेखाली हुबा राहून फोनवर मिटिंग करत हुतास."

"दोन मिनिटं बोललो. रजा मंजूर करून घेत होतो." अमोलचे कान लाल झाले. "आणि ऐक, मीपण तुला माफ केलंय. मी एक नाही टाकली, बऱ्याच टाकल्यात."

"मला कशाला? म्यां काय केलं?"

"कबरीची फरशी. तिच्यावर काय कोरलंस तू? 'वाल्मीक आणि परिवार.' मी कोण मग? तुझा परिवार?"

वाल्मीकनं खरंच विचार केला. "येतोस की तू परिवारात," तो म्हणाला.

भिवाजीकाका हसले, आणि हसल्याबद्दल अमोलनं त्यांच्याकडं असं बघितलं, की पाळकसाहेबांनी मध्येच एका छोट्या प्रार्थनेची सूचना केली. ती कुणी मनावर घेतली नाही. वाल्मीक आता भरात आला होता. आईला सूसला पाठवायचं ठरवलं त्याचीही आपण एक काडी टाकली, असं त्यानं सांगितलं. सेवेची संधी थोरल्यानं एकट्यानंच घेऊन धाकट्यावर अन्याय करू नये म्हणून.

इथं वैशालीच्या हातातला कप बशीवर आपटला.

वैशाली या घरात नेहमी हळू बोलायची. आपण शहरातल्या, आपलं बोलणं यांना टोचेल, असं तिला वाटायचं. आई घरी येणार म्हणून तिनं छोटी खोली रिकामी केली होती, जाड गादी आणली होती, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेतली होती. आणि या सगळ्याची एक काडी तिनंही मनात संकोचत टाकली होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "आई येणार आमच्याकडे. करणार आम्ही. आणि त्याची काडी तुम्ही टाकलीत?"

"ठरवलं कुनी पन?" वाल्मीक म्हणाला.

"त्याची मीसुद्धा टाकलीये."

"मीपण," अमोल हळूच म्हणाला.

पायरीवर बसून गोजराबाई करंजी खात होती. तिनं बोटांना लागलेलं सारण चाटलं. "म्हंजे निम्मी गव्हाण माज्याच जिवावर भरली म्हना की. एका म्हातारीला घालवली तर तिघांस्नी पुण्य. आनखी एखादी म्हातारी असती तर भारा झाला असता."

वैशालीला एकदम रडू आल्यासारखं झालं आणि ते आवरायला ती बोलतच सुटली. "आई, खरं सांगू का? मला भीती वाटते. आम्ही दोघं सकाळी बाहेर पडतो ते संध्याकाळी येतो. तुम्ही दिवसभर काय करणार तिथं? तुम्हाला लिफ्ट आवडत नाही. समोरच्या फ्लॅटमधल्यांना मराठी येत नाही. मी हो म्हटलं, कारण हे म्हणाले की तुमचे गुडघे दुखतात, इथं काम झेपत नाही."

"मला दादानं सांगितलं गुडघ्यांचं," अमोल म्हणाला.

"माजं गुडघं?" गोजराबाईनं आपल्याच गुडघ्यांकडं बघितलं, जणू त्यांनी परस्पर काही कळवलं असावं.

सगळ्यांची तोंडं वाल्मीककडं वळली. वाल्मीकनं शर्टाच्या बाह्या पुन्हा खाली केल्या. गोठा पाडून तिथं भाड्याच्या खोल्या काढायच्या हे तो नाताळनंतर सावकाश सांगणार होता. बंगल्यांवर कामाला येणारी माणसं राहायला जागा शोधतात, सगळं गाव खोल्या काढतंय, आपणच काय शेण काढत बसायचं, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. पण या क्षणी, रिकामी गव्हाण ठेवलेल्या त्या खोलीच्या दारात, ते त्याला नीट मांडता येईना.

"खोल्यांसाठी होय," अमोल म्हणाला. "आणि वर मला माफ केलंस."

तेवढ्यात गेणबाचा टेम्पो आला.

*

गेणबा पलीकडच्या आळीतला, दुधाचा धंदा करणारा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यानं टेम्पो उलटा घेऊन फळी खाली सोडली आणि अंगणात येऊन सगळ्यांना राम राम केला. मग त्याचं लक्ष म्हशीच्या नाकाडाकडं गेलं.

"नटवली व्हय?" तो म्हणाला. "मी न्यायला आलोय, लगीन लावायला न्हाई."

कुणी हसलं नाही, तेव्हा आपण भलत्या वेळी आलो हे त्याच्या लक्षात आलं. साधनानं त्याला करंजी दिली. तो खाटेवर टेकला.

वाल्मीक दावं धरायला गोठ्याकडं निघाला. पण गोजराबाई त्याच्याआधी तिथं पोचली होती. तिनं निळा ड्रम दारात पालथा घातला आणि त्यावर बसली. तिच्यामागं अलीशिबा उभी, चमकणाऱ्या नाकाची.

"आये, सरक."

"ही हितंच बाळंत हुनार. इल्यावर काय करायचं ते करा. मला सूसला न्या, आनखी कुटं न्या. पन ही हितं इनार."

"आये, ठरलंय. गेणबा खोळंबलाय."

"खोळंबू दे. करंजी खातोय त्यो." म्हातारीनं पदर डोक्यावर ओढून घेतला. तिचा आवाज वर गेला नव्हता, पण अंगणातल्या सगळ्यांना ऐकू येत होता. "चार रविवार तुमी मेणबत्त्या लावताय. गोठ्यात बाळ येनार म्हनून गानी म्हनताय, चांदन्या टांगताय. आन आपल्या गोठ्यात खरंच कुनी तरी यायला निघालंय, तर तुमी त्याच्या आईची गव्हाण काढून नेली. तिला सोन्याचा रंग दिला. आन जागा न्हाई म्हनून वर टेम्पो बोलावला. आरं, त्या मरियेला निदान गोठा तरी दिला व्हता लोकांनी."

पाळकसाहेबांनी प्रीतीवरच्या प्रवचनासाठी आठवडाभर टिपणं काढली होती. त्यांत हे कुठंच नव्हतं. ते जवळच्या खुर्चीवर बसले.

"आन आता इचारू नका, मीच सांगते," गोजराबाई म्हणाली. "सकाळी म्हस म्यां सोडली. तिची गव्हाण, ती गेली, तिनं खाल्लं. चोरी तुमी केली, तिनं न्हाई."

"मग माझ्या पेंढीचं काय?" भिवाजीकाका म्हणाले.

वाल्मीक हरल्यासारखा झाला होता, आणि हरलेला माणूस आपल्या बाजूचं कुणी आहे का ते बघतो. अमोल केव्हाच विरोधात गेला होता. वैशाली तर ड्रमाशेजारी जाऊन उभीच राहिली होती. त्यानं बायकोकडं बघितलं. म्हातारी गेली तर सगळ्यात जास्त सुटका कुणाची, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं.

"साधना, तू सांग," तो म्हणाला. "तू तर किती सुदारलीस. तीन आठवडं आयेला एक शब्द उलटा बोलली न्हाईस. तुज्या काड्या तर सगळ्यांत खऱ्या. तू सांग, काय करायचं."

साधना करंज्यांचं ताट हातात धरून उभी होती. तिनं रोज एक काडी टाकली होती. रोज, न बोलल्याची. सोपं नव्हतं ते. सासूबाईंनी माहेरचा विषय काढला तेव्हा तर तिनं ओट्याची कडा धरून ठेवली होती. आणि एवढं करूनही गेले तीन आठवडे तिला चैन नव्हतं. स्वयंपाकाला चव लागत नव्हती. दुपारी ती भांडी घासताना एकटीच पुटपुटायची, सासूला द्यायची राहिलेली उत्तरं, एकाहून एक सरस, सगळी वाया चाललेली. हे आत्मिक तयारीचं लक्षण असावं असं समजून ती रेटत होती.

"तिचं काय इचारतोस," गोजराबाई म्हणाली. "ती बोलायची थांबली तवाच मी समजले. म्हनलं, झालं. हिच्या लेखी मी गेले. तवाच बोचकं बांधलं म्यां."

साधनानं ताट खाटेवर, गेणबाच्या मांडीजवळ ठेवलं.

"आवो, मी पुण्य समजून गप बसले," ती म्हणाली. "तुमाला असं वाटलं?"

"मग काय वाटावं? रोज बरं, बरं, बरं. मेल्या माणसाशी बोलल्यागत."

साधना नवऱ्याकडं वळली. तीन आठवडे आत दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं.

"म्हातारी कुटंबी जानार न्हाई," ती म्हणाली. "सूसला न्हाई आन कुटंच न्हाई. अकराव्या मजल्यावर जाऊन बसल्या तर म्यां भांडायचं कुनाशी? तुमच्याशी? तुमी दोन शब्दांत डोळं पुसता. खोल्या काढायच्या तर तिकडं चिंचेच्या अंगाला काढा, न्हाईतर काढू नका. गोठा ऱ्हाईल. म्हस ऱ्हाईल. आन माज्या काड्या म्हशीनं खाल्ल्या ते ब्येस झालं. त्यातली एकबी खरी नव्हती."

भांडणात हरणं वेगळं आणि आपल्या घरात आपण एकटे आहोत हे कळणं वेगळं. वाल्मीकला दुसरं कळलं होतं. त्यानं चिंचेपर्यंतचं अंतर नजरेनं मोजलं. मग म्हणाला, "चिंचेकडं पाण्याची लाइन न्यावी लागंल," आणि त्यावरून सगळ्यांना समजलं, की त्यानं ऐकलं.

गेणबानं पुढ्यातल्या ताटातली शेवटची करंजी उचलली. "मग मी निघतो," तो म्हणाला. "इली की सांगा. खरवस पाठवा, माजा पेट्रोलचा खर्च त्यात फिटंल." त्यानं फळी वर केली. पण लगेच गेला नाही, कारण गव्हाण उचलायला माणूस कमी पडत होता. दोन भाऊ पुढं, गेणबा आणि पाळकसाहेब मागं, अशी ती ऐनाची गव्हाण वेदीपुढून निघाली. तुझी बाजू खाली चाललीय, तू नीट धर, मी तर धरलीच आहे, तू बाबांच्या वेळेलाही असंच, असं करत करत दोघा भावांनी ती गोठ्यात जागेवर नेऊन ठेवली. सगळ्यांच्या शर्टांना सोनेरी चमकी लागली. अलीशिबेनं रिकाम्या गव्हाणीत नाक घालून बघितलं आणि जोरात फुस्स केलं.

"पण नाताळच्या सकाळी बाळ कुठं ठेवायचं मग?" पाळकसाहेबांनी घाम पुसत विचारलं.

"हितंच आना की," गोजराबाई म्हणाली. "फकस्त आदी हिला इचारा."

लोक पांगायला लागले. भिवाजीकाका गोठ्याच्या दारात जरा रेंगाळले, आणि कुणी बघत नाही असं वाटल्यावर त्यांनी शेजारच्या पेंढ्याच्या उडवीतून उपसून एक भरगच्च पेंढी म्हशीपुढं टाकली. या वेळी ते खाकरले नाहीत.

गोजराबाई ड्रमावरून उठली आणि साधनाकडं वळली. "आता हुबी काय ऱ्हायलीस? पानी आन जनावराला. आन दार सताड उघडं टाकून जायची खोड कवा जानार तुजी?"

'बरं' हा शब्द साधनाच्या ओठांपर्यंत आला. सवय लागली होती. तिनं तो तिथंच थांबवला.

"दार उघडं व्हतं म्हनून तुमच्या म्हशीच्या पोटात चार घास ग्येले," ती म्हणाली. "आन पानी तुमीच आना. गुडघं काय तुमचं सूसचं नाव काढल्यावरच दुखत्यात व्हय?"

गोजराबाईनं पदर तोंडाला लावला. वैशाली घाबरून पुढं झाली, तिला वाटलं म्हातारी रडायला लागली. म्हातारी हसत होती, खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तिनं स्वतःच बादली उचलली आणि हौदाकडं निघाली. जाता जाता तिनं साधनाच्या माहेरचा विषय काढला, आणि साधना पदर खोचून तिच्या मागं निघाली.